वरच्या पायरीवरची मराठी

आमच्या शाळेत सकाळच्या प्रार्थनेआधी वेण्या झालेल्या असाव्या लागत, आणि त्या मुलींनी एकमेकींच्या घालायच्या असत. वसतिगृहाच्या मागच्या दारातून अंगणात उतरणारा एक दगडी जिना होता. तळच्या पायरीवर शाळेतली सगळ्यांत जुनी मुलगी बसे. तिच्या वरच्या पायरीवर बसलेली तिची वेणी घाली, तिची आणखी वरची, असं करत करत ओळ दारापर्यंत पोचायची. तळच्या मुलीला कुणाचीच वेणी घालावी लागत नसे. तो तिचा मान, आणि तो ती पुरेपूर मिरवायची. सगळ्यांत वर शाळेत नवी आलेली मुलगी. तिच्यामागे कुणीच नसे, म्हणून तिची वेणी अक्का घालत.

अक्का म्हणजे वसतिगृह सांभाळणाऱ्या बाई. दारावरच्या पाटीवर त्यांचा हुद्दा इंग्रजीत होता, पण मुली त्यांना अक्काच म्हणत. उंच, हाडकुळ्या, चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. घरच्या भाषा बोलल्या की मुलींच्या टोळ्या पडतात, असं शाळेचं मत होतं, त्यामुळे आवारात फक्त इंग्रजी चाले. नियम मोडणारीला अक्का सगळ्यांदेखत उभं करत. तरी आडोशाला मुली कन्नडमध्ये कुजबुजत, ते कुणालाच थांबवता येत नसे.

साठीच्या दशकाची सुरुवात होती. आमची शाळा येलहंकाला होती. ते तेव्हा बंगळुरात नव्हतं, बंगळुराबाहेरचं गाव होतं. आमच्या कुंपणापलीकडे द्राक्षांचे मळे होते आणि त्यापलीकडे रेल्वेचं स्टेशन. मी निपाणीकडची. वडील धरणांच्या कामावर ओव्हरसियर, आज या खोऱ्यात तर उद्या त्या, आणि आई त्यांच्याबरोबर. आमचा मुलूख नुकताच म्हैसूर राज्यात गेला होता. पोरीला कन्नड आलं, इंग्रजी आलं की तिचं कुठं अडायचं नाही, असं वडिलांनी ठरवलं. मला कुणी विचारलं नाही. तेराव्या वर्षी मुलीला कोण विचारतं?

माझी इंग्रजी पुस्तकातली होती आणि कन्नड बाजारातली, भाव करण्यापुरती. भूक लागली, हे मला सांगता यायचं. भूक का लागत नाही, हे सांगता यायचं नाही. मुली वाईट नव्हत्या, पण चार वाक्यांनंतर मी अडखळले की त्या कंटाळून दुसरीकडे वळत. मी स्वभावानं फटकळ. घरी माझ्या तोंडाला कुणी लागत नसे. इथे मला साधं उलट उत्तर देता येत नव्हतं, आणि त्याचा मला इतका संताप यायचा की मी बोलणंच सोडून दिलं. सगळ्यांना वाटलं, मुलगी गरीब आहे. मी आणि गरीब!

पहिल्याच सकाळी मी वरच्या पायरीवर बसले होते. माझ्यापुढे एक तमिळ मुलगी होती, कोलारकडची, माझ्याच वर्गातली. तिच्या केसांत मी फणी घातली आणि मागून अक्कांनी माझ्या केसांत. कमरेखाली केस, प्रवासानं त्यांचा गुंता झालेला. फणी अडकली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"डोई हलवू नको गं," मागून हळू आवाज आला. "स्वल्प थांब. रडतीस कशास?"

मी गर्रकन वळले. अक्कांनी माझं डोकं दोन्ही हातांनी धरून पुन्हा पुढे केलं. "पुढं बघ. वेणी घाल तिची."

मराठी! मोडकी, कन्नड मिसळलेली, आमच्याकडे कुणी बोलली असती तर मी फिदीफिदी हसले असते अशी मराठी. पण त्या सकाळी ती पुन्हा ऐकायला मिळावी म्हणून मी मुद्दाम डोकं हलवलं.

अक्कांची माणसं तीनशे वर्षांमागं इकडे आलेली. "तुमचं मूळ गाव कुठलं?" असं मी एकदा विचारलं, तर त्या म्हणाल्या, "गाव म्हंजे हेच. बंगळुरात चिक्कपेटेत घर आहे नव्हं." त्यांच्या घरी मराठी फक्त स्वयंपाकघरात उरली होती. मी आमच्याकडच्या तंबाखूच्या वखारींबद्दल सांगे, आईच्या हातच्या झुणक्याबद्दल सांगे, इथल्या पातळ आमटीला, सारूला, नावं ठेवी. त्या "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत गुंता सोडवत. सगळं हळू आवाजात, मागून कानाशी. शेवटची रिबीन बांधून झाली की त्या उठत आणि तिथून दिवसभर इंग्रजी. जेवणाच्या खोलीत मी एकदा त्यांना मराठीतून मीठ मागितलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला मीठच नको झालं.

तरी मला त्याचं काही वाटलं नाही. मी मनाशी पक्कं धरलं होतं की नियम इतर मुलींसाठी आहे आणि अक्का माझ्या आहेत. एवढ्या कानडी-तमिळ मुलुखात आम्ही दोघीच मराठी, मग त्या माझ्या नाहीत तर कुणाच्या? दिवसभरात काय काय बोलायचं ते मी साठवून ठेवी. रात्री अंथरुणात वाक्यं जुळवी. सकाळी सगळ्यांच्या आधी पायरीवर जाऊन बसे. तमिळ मुलीच्या वेण्या मी घालत होते, पण सारा जीव माझ्या कानांत होता. हात नुसते चालत राहायचे. तिचं डोकं रोज माझ्या गुडघ्यांत असे आणि मी तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

दसऱ्यानंतर नवी मुलगी आली. अनंतपूरकडची, तेलुगू, माझ्याहून लहानखुरी. आदल्या संध्याकाळी तिची ट्रंक खोलीत आली तेव्हाच मुली मला म्हणाल्या की आता तू खरी आमच्यातली झालीस, उद्यापासून एक पायरी खाली. त्यांना वाटलं, मला आनंद होईल. मी अंथरुणात शिरून पांघरूण डोक्यावरून ओढलं.

सकाळी मी वरच्या पायरीवर जाऊन बसले आणि हललेच नाही. बाकी सगळ्या खाली सरकल्या. माझ्यापुढची पायरी रिकामी. नवी मुलगी दारात उभी, हातात फणी आणि रिबिनी. अक्का तिच्यामागे.

"मूव्ह डाउन," अक्का म्हणाल्या.

"अक्का, मला इथंच राहू द्या," मी म्हणाले. सगळ्यांदेखत, मोठ्यानं, मराठीत. "तिला बसू द्या खाली. मी वरच बसते. मला तुमच्याशीच..."

खाली कुणीतरी हसलं. अक्कांचा चेहरा जराही बदलला नाही.

"वन स्टेप डाउन," त्या म्हणाल्या.

मी खाली सरकले. कानशिलं तापली होती. त्या क्षणी अक्कांचा मला जेवढा राग आला तेवढा आजवर कुणाचा आला नसेल. त्यांनी इंग्रजीत रागावण्यापेक्षा मराठीत एक थप्पड दिली असती तरी चाललं असतं. नव्या मुलीची बोटं माझ्या केसांत शिरली. तिला वेणी घालता येत नव्हती, ती नुसतेच केस इकडचे तिकडे करत होती आणि हुंदके देत होती.

आणि मग तिच्यामागून तो हळू आवाज आला. तेलुगूत. मला तेलुगूतलं काही कळत नव्हतं, पण तो सूर कळला. माझ्या कानाशी रोज यायचा तोच सूर होता. नवी मुलगी रडायची थांबली. मग तिनं काहीतरी विचारलं आणि अक्कांनी उत्तर दिलं.

माझे हात थांबले. तो आवाज माझा नव्हता. तो त्या पायरीचा होता, तिथे जी बसेल तिचा. मला गदगदून रडू आलं आणि आसवं पुढच्या तमिळ मुलीच्या केसांवर पडली.

तिनं मान वळवली नाही. तळव्यानं डोकं चाचपलं आणि हळूच, मला कळेल अशा सोप्या कन्नडमध्ये म्हणाली, "अक्का माझ्याशी तमिळ बोलायच्या."

"कधी?" मी विचारलं. मी तिला विचारलेला तो पहिला प्रश्न.

"तू येईपर्यंत."

मी आले त्या सकाळी हीच वरच्या पायरीवरून उतरली होती, आणि मी तिच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. मागून माझ्या कानाशी मराठी चालायची तेव्हा ती, एका पायरीच्या अंतरावर, सगळं ऐकत बसायची.

"तुला राग आला होता?" मी विचारलं.

"रोज यायचा," ती म्हणाली. "आता घाल वेणी. पण सावकाश. तू फार ओढतेस."

मी घातलेली अर्धी वेणी सोडली आणि पुन्हा भांगापासून सुरुवात केली.