मंगळवारचा प्रसाद

बनशंकरीत ब्लाउज शिवणाऱ्या कावेरीअक्काचा कुणावर पटकन विश्वास बसत नसे. निपाणीहून लग्न होऊन बंगळुरात आल्यापासून दूधवाल्याचं माप असो की चिकपेटेतल्या दुकानदाराचं कापड, ती दोनदा तपासून घ्यायची. त्र्याण्णव साली मात्र संशयाची पाळी घरच्या पोरीवर आली.

दहावीतल्या सिद्धीनं देवीचे मंगळवार धरले होते. मग शुक्रवार धरले, पुढे शनिवारही. गल्लीत कौतुक झालं, कावेरीही फुशारली. पण दिवाळीला बेतून शिवलेला ड्रेस संक्रांतीला पोरीच्या अंगावर लोंबू लागला आणि कावेरीच्या मनात पाल चुकचुकली. एवढे उपास कुणासाठी? नक्की कुणी मुलगा असणार.

"कोण गं तो?"

"कोण?"

"ज्याच्यासाठी वाळतेस तो."

"आई, तू ब्लाउज शीव बघू."

नवरा बसवंत हसला. "पोलिसात जायला हवं होतंस तू. देवीचं करते पोर, करू दे की."

पुढच्या मंगळवारी मशीन बंद करून कावेरी लेकीच्या मागोमाग देवळात गेली. मुलगा कुठंच नव्हता. सिद्धीनं हात जोडले, प्रसादाचा द्रोण कपाळाला लावला आणि बाहेर येऊन त्यातला शिऱ्यासारखा केसरीभात गाईपुढे ठेवला. तुपाची बोटं ओढणीला पुसली. पुन्हा पुसली. मग परत.

उपासाची माणसं प्रसादावर किती आशेनं टपलेली असतात, ते कावेरी जन्मभर बघत आली होती. मुलगा असता तर बरं झालं असतं.

"सिद्धी, देवीचा होता ना तो? एक घास तरी घ्यायचास."

सिद्धी थिजली. "एक घास म्हणजे सगळंच. तेवढ्यानं सगळं मोडतं आणि मी वाईट होते. अर्धंमुर्धं काही नसतं, आई."

"एक टाका चुकला म्हणून मी अख्खा ब्लाउज फेकते का?"

"मी ब्लाउज नाही."

"डॉक्टरकडे जाऊ," कावेरी म्हणाली.

"फसवून खायला घालशील."

"नाही घालणार. देवीसमोर सांगते."

कापड मोजणाऱ्या दुकानदाराच्या गजाकडे कावेरी बघायची, तसं सिद्धीनं आईकडे बघितलं.

"सरी, येते. पण नुसतं बोलायचं."

रिक्षात चढवताना कावेरीनं तिचा दंड धरला. अंगठा आणि बोटं पलीकडून येऊन एकमेकांना टेकली. कावेरीनं हात सोडला नाही.