कट्ट्यावरची फोटूवाली म्हस

आख्ख्या कोल्हापुरात माझ्या म्हशीसारखं दूध न्हवतं. प्यायला गिऱ्हाईक बी न्हवतं, ते सोडा.

मोबाईलवर नेट यायच्या आधीची गोष्ट. संध्याकाळी आम्ही म्हशी घिऊन कट्ट्यावर बसायचो, गिऱ्हाइकासमोर धार काढून गिलास भरून द्यायचो. माझ्या शेजारी एक गडी बसायचा. नाव कधी इचारलं न्हाय, जळण्यातनं सवड कुठली? धार काढायच्या आधी त्यो म्हशीच्या कपाळावरनं हात फिरवायचा, शिंगांना तेल लावायचा. आणि नेट कॅफेत जाऊन दोस्ती जमवायच्या साईटवर तिचा फोटू टाकायचा. रोज नवा. कॉलेजची पोरं "फोटूतली म्हस हीच न्हवं?" म्हणत त्याच्याकडं रांग लावायची. माझं दूध घरी परत. बायको दही लावून कटाळली.

शेवटी मी बी कॅफेत गेलो. दाढी केलती, फेटा बांधलता, वर गॉगल. कॅफेवाल्यानं झ्याक फोटू टाकून दिला. आठवडा गेला, एक गिलास जास्ती खपला न्हाय. न राहवून मी शेजाऱ्याला म्हणलो, "फोटू तर मी बी टाकलाय की!"

त्यानं धार थांबवली न्हाय. म्हणला, "बघितला. मर्दा, दूध म्हस देती का तू?"