अक्कांची कंबर आणि माझा पाय

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकतील. कधी कुणाच्या वाचनात आलंच तर सांभाळून घ्यावं. अक्का, माझ्या थोरल्या जाऊबाई, गेल्या त्याला महिना होत आला. घरात त्यांचा विषय निघाला की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हणून लिहिते.

निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांनी मी माहेरच्या तेर गावाहून लग्न होऊन परंड्यात आले. मी पायाळू, म्हणजे जन्मताना पायाकडून आलेली. पायाळू माणसानं पाय लावला की कंबरेत भरलेली उसण उतरते, असं आपल्याकडं मानतात. आडावरून घागर आणताना अक्कांच्या कंबरेत चमक भरली, तेव्हा सासूबाईंनी मलाच पुढं केलं. थोरल्या जावेला पाय लावायचा! मी मागं सरकले. अक्का पालथ्या पडल्या पडल्याच म्हणाल्या, "लाव गं गोदे. एरवी मनात तर लई लाथा घालत असशील." सगळ्या हसल्या. त्या दिवशी त्यांना उतार पडला.

पण दुखणं परत आलं आणि मग गेलंच नाही. सोलापूरच्या डॉक्टरांनी हाड धड आहे म्हणून सांगितलं, तेव्हापासून घरात दबक्या आवाजात 'सोंग' हा शब्द ऐकू यायला लागला. विटेनं शेकून झालं, बिब्बा घालून झाला, लेप झाले... दुखण्यापेक्षा दुखेल याची धास्ती वाढत गेली. शिंक येतेय असं वाटलं तरी त्या भिंत धरत. लग्नकार्याला जाणं सुटलं, मग देवळात जाणं, मग उंबरा ओलांडणंही. आधी सगळ्यांवर चिडायच्या, मग एकट्याच रडायच्या. सकाळी मी पाय लावल्याशिवाय अंथरुणातून उठायच्या नाहीत. आणि मला जाग आली की पहिलं हेच मनात यायचं... आज माझ्या पायाचा गुण आला नाही तर? पायाळू माणसावर वीज पडते असंही म्हणतात. आभाळ गरजलं की अक्का मला माजघरात ओढून माझ्या पायांवर वाकळ टाकायच्या. "तुला काही झालं तर माझ्या कंबरेला कोण?" असं म्हणून हसायच्या, पण त्यांचा हात गार पडलेला असायचा.

माझं पहिलं मूल परंड्यातच, जन्मताना गेलं. दुसऱ्या खेपेला आईनं निरोपावर निरोप धाडले, तेरला ये, इथली सुईण जाणती आहे. मला राहायची भीती आणि अक्कांना माझ्या जाण्याची. "तू गेलीस तर मी उठायची न्हाय," त्या म्हणाल्या. ती धमकी नव्हती. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी जाणं पुढं ढकलत राहिले. आठवा लागला. शेवटी भाऊ न्यायला आला. कुर्डुवाडीची मोटार धरायची होती, तिथून पुढं आगगाडी. निघण्याआधी पाय लावायला मी त्यांच्या खोलीत गेले.

"नको," त्या म्हणाल्या. "तिकडं बस. पाय लुगड्यात घे."

मी बसले. त्या कुशीवर वळल्या, थांबल्या... कोपर टेकलं. कपाळावर घाम आला होता. माझा हात पुढं गेला तशा ओरडल्या, "बस म्हणलं न्हाय का!" आता या पडतील आणि जन्मभर अंथरुणाला खिळतील, असं वाटून मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्या गुडघ्यावर हात देऊन उभ्या राहत होत्या.

"लई दुखतंय का, अक्का?"

"रोजच्याइतकंच," त्या म्हणाल्या. मग लुगड्यात घेतलेल्या माझ्या पायांकडं त्यांनी बघितलं. "रोजच्याइतकंच दुखतंय गं गोदे... जा तू. मोटार चुकंल."

मुलगी झाली, जगली. तिला घेऊन आले तेव्हा अक्का उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. कंबर शेवटपर्यंत दुखत राहिली. पण पाय लावायला त्यांनी पुन्हा कधी सांगितलं नाही. सकाळी नुसती हाक मारायच्या, "पाय नको. उठेस्तोवर बस इथं." मी बसायची. त्या कुशीवर वळायच्या, दम खायच्या, उठायच्या. भीती दोघींनाही रोज वाटायची.

त्या गेल्या तापानं, कंबरेनं नाही. अजून सकाळी मी त्यांच्या खोलीत जाऊन बसते. वाट बघते. आता तिथं कुणी उठायचं राहिलेलं नाही... मग मलाच उठावं लागतं.