फक्कीनं आखलेली बोट

मी समुद्रात जायची यॉट घेणार ही बातमी माझ्याआधी गावात पोचली होती. मिरजेला आगगाडीतून उतरले, धाकटा भाऊ न्यायला आला होता. त्यानं पिशव्या डिकीत टाकल्या, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि गाडी सुरू न करताच विचारलं, "आक्का, खरं हाय का गं?"

"खरं हाय."

"आन् ठेवणार कुठं? आपल्या शेततळ्यात?"

"तुझ्या डोक्यात रिकामी जागा लय हाय, पण तिथं पानी न्हाई," मी म्हणाले. आटपाडीच्या पुढं आमचं गाव येईपर्यंत त्यानं गाडी नुसती दामटली.

त्याचंही चुकत नव्हतं म्हणा. आमचा भाग पाण्याच्या टँकरचा. आता कॅनॉलचं पाणी आलंय, डाळिंबं दिसतात, तरी रिकामी घागर दिसली की आम्ही अजून आधी ती भरून ठेवतो. अशा गावातली, मेंढरामागं वाढलेली बाई यॉट घेणार म्हटल्यावर लोक हसणारच. हसू देत. तीस वर्षं नवऱ्याबरोबर कोचीला गलाईच्या दुकानात काढली, म्हणजे सोनारांची जुनी मोड आणि दुकानातली धूळ वितळवून त्यातलं सोनं वेगळं करायचं. खाली मूस आणि तेजाबाचा धूर, वर आमची खोली. खिडकीतून खाडी दिसायची आणि खाडीतून पांढऱ्या बोटी समुद्रात जायच्या. तेव्हाच ठरवलं होतं, दुकान विकलं की पहिली बोट आणि मग बाकीचं. यंदा दुकान विकलं. चैन हा शब्द आमच्याकडे फक्त दुसऱ्याच्या नावानं उच्चारतात. मला ती माझ्या नावानं हवी होती. गरम पाण्याची आंघोळ, मऊ गादी, सागवानी टेबल आणि चारी बाजूंनी कोणी नातेवाईक नाही.

बोट चालवायचा कोर्स मी सत्तावन्नाव्या वर्षी केला. इंजिन नवऱ्याकडे. भट्टीसमोर आयुष्य गेलेल्या माणसाला इंजिनाचं काय कौतुक. वर्षातले सहा महिने बोटीवर राहायचं, लक्षद्वीपपर्यंत जायचं, पावसाळ्यात बोट बांधून गावी यायचं, असा आमचा बेत होता. त्यात फक्त आम्ही दोघंच होतो. आईला न्यायचं त्या दिवशी ठरलं.

आई ऐंशीच्या आसपासची. जन्मभर मेंढरं घेऊन चालली. दसरा झाला की गाव सोडायचं, घाट उतरून कोकणात जायचं, आज याच्या रानात तळ, तीन रात्रींनी त्याच्या रानात. मेंढरं खत टाकायची, रानमालक धान्य द्यायचा. मागच्या वर्षी गुडघे पार गेले. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, गुडघे बदलता येणार नाहीत, हृदय साथ देणार नाही, चालवू नका. भावानं मेंढरं विकली. मग आईनं एक खूळ घेतलं. दर तिसऱ्या दिवशी खाट हलवायला लावायची. ओसरीतून लिंबाखाली, लिंबाखालून गोठ्याच्या मागं, तिथून ट्रॅक्टरच्या शेडला. भावजय बिचारी दमली. भाऊ म्हणाला, म्हातारीला भ्रम झालाय. शेवटी त्यानं तिच्यासाठी फरशी घातलेली, आत संडास-बाथरूम असलेली खोली बांधली आणि खाट कायमची तिथं लावली. माणूस मायेनंच करत होता. पण त्या दिवसापासून आईनं बोलणं टाकलं, जेवणही निम्म्यावर आणलं.

मी गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला मात्र भ्रम वगैरे काही दिसला नाही. आई तळ हलवत होती आणि तिच्या अंगणातल्या जागा संपल्या होत्या. मला इतका राग आला की मी चहा न पिता बाहेर आले आणि भावाला सांगून टाकलं, "आईला मी बोटीवर नेणार. चालता न येणाऱ्या बाईला चालतं घर पायजे."

"समुद्रात मारायला न्हेतीस व्हय?"

"हितं काय जगवायला ठेवलीयास?"

हे मी बोलायला नको होतं. पण बोलले, आणि परत घेतलं नाही.

आता बोट निवडायची घाई झाली. मुंबईचा एक दलाल होता, जुन्या यॉट विकून देणारा. रोज फोटो पाठवायचा. मी प्रत्येक बोटीबद्दल पहिला प्रश्न एकच विचारायची, पाण्याची टाकी केवढी? तो इंजिनाचं सांगायचा, बुडाचा आकार सांगायचा, एका टाकीभर डिझेलमध्ये किती लांब जाते ते सांगायचा. मी म्हणायची, ते ठीक आहे, पण गोडं पाणी किती मावतं? शेवटी त्यानं पन्नास फुटी एक बोट काढली. पांढरीशुभ्र, वेगवान, पार्टीला दिमाखदार. तिच्या आधीच्या मालकानं सगळ्यात वरच्या डेकवर न्हाणीचा टब बसवला होता आणि त्यासाठी तिथंच एक जादा टाकी. जादा टाकी ऐकली आणि मी विरघळले. बाकीचे फोटो मी धड पाहिलेही नाहीत.

दुसरी एक होती. पंचेचाळीस फुटी, जुनी, संथ, जाड बुडाची. "मॅडम, ही तुम्हाला दाखवतोय फक्त तुलनेसाठी," दलाल म्हणाला. "मासेमारीच्या होडीसारखी दिसते. लक्झरीचा फील नाही."

आईला बोट कशी असते ते दाखवायचं म्हणून आम्ही पांढऱ्या बोटीचा नकाशा घराशेजारच्या मोकळ्या रानात पुऱ्या मापानं आखला. तोवर नवराही गावी आला होता; त्यानं टेप धरला, मी शाळेच्या मैदानावर मारतात तशी चुन्याची फक्की मारत गेले. पन्नास फूट लांबी, टोकदार नाक, दोन केबिन, न्हाणी, स्वयंपाकघर, बसायची मोठी खोली. तासाभरात निम्मं गाव जमलं.

"आगं बाई, ही न्हाणी केवढी! आमचं घर मावंल हिच्यात," शेजारीण म्हणाली.

पाराकडून कोणीतरी ओरडलं, "गड्या, बोट लागली बग आपल्या गावाला! तिकीट काढा रं!"

मी फक्कीचं घमेलं खाली ठेवलं आणि म्हणाले, "तिकीट न्हाई काढायचं. बोलवल्याबिगर कुणी पाय ठेवायचा न्हाई. पायताणं बाहीर काढा." आणि खरंच, रेघेच्या आत उभे होते त्यांनी मुकाट्यानं चपला काढल्या. मोकळ्या रानात, ढेकळांवर. तेवढ्यावर माझा सगळा राग निवला.

आईला भावानं उचलून आणलं. काठीच्या आधारानं ती मधल्या मोठ्या खोलीत उभी राहिली. बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज ऐकला.

"हालतं का ह्ये?"

"हालणारच की, आई. पाण्यावर हाय."

"मग हितं धरायचं काय?"

मी नकाशात पाहिलं. मोठी खोली मोकळीच होती, सोफा एका टोकाला आणि टीव्ही दुसऱ्या टोकाला. मी म्हणाले, बघू. मग तिनं विचारलं, "आन् वर काय हाय?"

"वर पानी, आई! आख्खी टाकी."

"वर पानी?" ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, कौतुकानं बघतेय.

दोन्ही बोटी तेव्हा कोचीलाच उभ्या होत्या. समुद्रात नेऊन बघायचं ठरलं. आई आगगाडीत खिडकीशी बसली आणि मिरज सोडल्यापासून जेवायला मागू लागली. भाऊ सोबत आला, आम्हाला अडवायला. मला त्याचं काही वाटलं नाही, बॅगा उचलायला एक माणूस झाला.

निघायच्या आदल्या दिवशी मी दलालाला फोन करून बजावलं होतं, वरची टाकी काठोकाठ भरून ठेवा. तो म्हणाला, मॅडम, चाचणीला गरज नाही. मी म्हणाले, रिकामी टाकी मला बघवत नाही. त्यानं भरली.

खाडीत बोट लोण्यासारखी गेली. बंदराच्या तोंडातून बाहेर पडलो आणि बाजूनं लाट आली, काही मोठी नव्हे. बोट कलली. कललीच राहिली. परत यायला इतका वेळ घेतला की मी मनात मोजायला लागले. मग दुसऱ्या बाजूला तशीच. भाऊ मोठ्या खोलीच्या मध्यावर उभा होता, धरायला काही नाही म्हणून तो खाली बसला, बसल्या बसल्या टीव्हीपर्यंत घसरत गेला आणि तिथं ओकला. नवऱ्याच्या कपाळाला टेबलाचा कोपरा लागला. दलाल म्हणत होता, आज समुद्र जरा खवळलाय. दलालानं आणलेला मल्याळी कप्तान दोन्ही हातांनी सुकाणू धरून होता.

आई मागच्या बाकावर कठडा धरून बसली होती. घाबरली नव्हती, वैतागली होती. "वझं वर बांदलंय," ती मला म्हणाली. "घाटात घोडं बसंल आसलं. वरचं पानी उतरीव आदी."

मला ऐकूनच धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. आमचं बिऱ्हाड घोड्यावर असायचं. आख्खा संसार एका जनावराच्या पाठीवर, आणि तो रोज सकाळी आई लादायची. जड भांडी आणि धान्य खाली, दोन्ही अंगांना सारखं. त्यावर पालाचं कापड, घोंगडी. सगळ्यात वर कोंबड्यांचं डालगं, नुकती जन्मलेली कोकरं आणि चालता न येणारी पोरं, चऱ्हाटानं बांधलेली. मीही तशीच घाट उतरले आहे. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी पाण्याच्या हावेपायी मी ते उलटं करून बसले होते. दुष्काळी बाई, पाणी दिसलं की अक्कल गहाण.

कप्तानाला मी आईचं बोलणं मोडक्यातोडक्या मल्याळीत सांगितलं. तो पहिल्यांदाच हसला आणि म्हणाला, अम्मा बरोबर बोलतेय, ही बोट किनाऱ्याजवळ गाणी लावून उभी करायला चांगली आहे.

दुसऱ्या दिवशी ती जुनी, पंचेचाळीस फुटी. पाण्याच्या आणि डिझेलच्या टाक्या पार बुडाशी. लक्षद्वीपला जाऊन परत यायला पुरेल एवढं डिझेल. भिंतीला, छताला, जिन्याला, जिथं हात जाईल तिथं सागवानी दांडी. टेबलाचे कोपरे गोल. केबिनची गादी मात्र पहिलीपेक्षा मऊ होती, आणि गरम पाणी दोन मिनिटांत आलं. दलालाला लक्झरी म्हणजे काय कळत नव्हतं एवढंच.

कप्तान म्हणाला, अम्माला खालच्या मधल्या केबिनमध्ये झोपवा, तिथं हालचाल सगळ्यात कमी. त्याचं शास्त्रानं बरोबर होतं. आईनं नकाराची मान हलवली. "सामान खाली. जितं जनावर वर." सुकाणूच्या खोलीत, चालकाच्या मागं, समोर काच असलेला एक उंच बाक होता. तिनं काठीनं तो दाखवला.

बाहेर तीच लाट होती. बोट कलली आणि लगेच सावरून उभी राहिली. पुन्हा कलली, पुन्हा उभी. इंजिनाजवळून नवऱ्यानं वर येऊन अंगठा दाखवला. त्याच संध्याकाळी मी सौदा पक्का केला. दलालानं विचारलं, "नक्की ना मॅडम? लोक पांढरीकडे बघतात." मी म्हणाले, "लोकांनी बघावं म्हणून आम्ही निघालेलो नाही."

दिवाळीनंतर निघालो. पहिलाच लांबचा पल्ला होता, जमीन दिसेनाशी होईल असा. धक्क्यावर भाऊ उभा होता, डोळे लाल. खरं सांगते, मलाही भीती वाटत होती. आईच्या गोळ्यांचा डबा मी तीनदा तपासला होता. डॉक्टरांनी जा असंही म्हटलं नव्हतं आणि जाऊ नका असंही. रात्री मधल्या समुद्रात तिचं काही झालं तर मी काय करणार होते, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण फरशीच्या खोलीत तिचं रोज काय होत होतं, त्याचं उत्तर तरी कुणाकडे होतं?

आईला मी बाकावर बसवलं. तिनं विचारलं, "चऱ्हाट हाय का?" मी बोटीचा मऊ दोर आणला आणि तिच्या कमरेभोवती घेऊन बाकाच्या दांडीला बांधला. तिनं गाठ चाचपली.

"सैल हाय," म्हणाली. तिनं ती सोडली आणि स्वतः पुन्हा मारली. "तू कवा पडलीस माझ्या घोड्यावरनं?"

"न्हाई, आई."

"मग?"

भावाला राहवलं नाही. तो धक्क्याच्या कडेला आला आणि खिडकीतून ओरडला, "आये, तुला काय झालं म्हंजी? गावाला मी काय सांगू?"

आईनं काचेतून पुढं, उघड्या पाण्याकडं बघत उत्तर दिलं. मागं वळलीसुद्धा नाही.

"सांग त्येंला, म्हातारीनं तळ हलीवला."

मी डेकवर गेले आणि धक्क्याचा दोर सोडला.