घडावरची पानं

केळीच्या वाळल्या पानांचा वास आला की दापोऱ्याला दाजींच्या केळीबागेतला तो उन्हाळा आठवतो. भाचीला संशोधनासाठी परदेशी जायचं होतं, आणि काम काय ते समजल्याशिवाय दाजी पाठवायला तयार नव्हते. विज्ञानाचा मास्तर म्हणून मला बोलावलं. अवकाशयान उतरताना भोवतालची हवा तापून कशी लखलखते, हे मी असं काही समजावलं की दाजींना जांभई आली. शेवटी भाचीच म्हणाली, "पप्पा, तापलेली हवा यानाला लागते ती आच वेगळी, त्या हवेच्या उजेडाची आच वेगळी. मला त्या दुसरीचं गणित करायचंय." घडावर पानं बांधणारे दाजींचे हात थांबले. "म्हणजे शेवरीच्या कुंपणानं लूचा वारा अडतो, पण उन्हानं घड भाजतोच, म्हणून ही पानं, तसं?" "तसंच." "मग जा ना. एवढी सोपी गोष्ट तुझ्या मामानं तासभर अवघड केली." वर्गात उष्णतेचा धडा आला की मी अजूनही शेवरी आणि घडच सांगतो, आणि दाजींचं नाव मात्र घेत नाही.