तळहातावरचा नंबर

ग्लाफिरा डाव्या हातानंच चादरी घुसळत होती. दोन पिळून झाल्या होत्या, तीन अजून साबणात. उजवा हात तिनं पाण्यापासून लांब धरला होता. त्याच्या तळव्यावर जांभळ्या पेन्सिलीनं 47 लिहिलं होतं, पहाटे गिरणीच्या फाटकापाशी. सोव्हिएत राज्य जाऊन पाच वर्षं झाली होती आणि टॉवेल विणणाऱ्या बायकांना सात महिने पगार नव्हता. आज म्हणे रोख आली होती. दुपारी नंबर दाखवायचा. तो गेला की रांग गेली.

शेजारची झोया संत्र्यांची पिशवी घेऊन दारात उभी राहिली. "एक हात गहाण टाकलास की काय गं?"

"तुला हसू येणारच. तुझ्या नवऱ्याचं पाकीट एक तारखेला घरपोच येतं."

"तुला म्हटलं नव्हतं? माग चालवण्यापेक्षा साहेबाची गाडी चालवावी." झोयानं एक संत्रं टेबलावर ठेवलं. "तुझ्या लेकीचे, वार्याचे, दिवस भरत आले ना?"

"या आठवड्यात कधीही. पहिलटकरीण, परक्या गावात एकटी. तिकिटापुरते मिळाले तर आजच निघेन."

तेवढ्यात शेगडीवरचं पातेलं उतू गेलं आणि ग्लाफिरानं ते उजव्या हातानं ओढलं. फेस तळव्यावर आला. तिनं घाईनं ॲप्रनला हात पुसला. 47 मधल्या चाराची डावी बाजू गेली, नुसती उभी रेघ राहिली.

फाटकावर म्हातारा रखवालदार सावेलिच चष्मा नाकावर ओढून तळवे बघत होता. "17. जा खिडकीकडे. तिसापर्यंत रोख आहे, पुढच्यांना टॉवेल. बाकीची रोख कचेरीवाल्यांनी सकाळीच उचलली."

खरी सतरावी अजून आलेली नव्हती. ग्लाफिरा चार पावलं चालली, थांबली, छातीवर क्रूसाची खूण करून मागे फिरली.

"सावेलिच, सत्तेचाळीस आहे तो. चार पुसलाय."

"माझे डोळे थकले, बाई, पण तुझी जीभ काही थकत नाही. मी सतरा वाचलं होतं की!"

"कबुलीच्या वेळी पाद्रीबाबांना काय सांगू मी?"

"मग घे टॉवेल. डोळे पुसायला होतील."

साठ टॉवेल मिळाले. घरी येऊन तिनं दोन्ही हात पाण्यात घातले आणि राहिलेल्या चादरी धुतल्या. झोया गठ्ठे बघून हसली नाही. "संध्याकाळच्या गाडीची कंडक्टरीण वस्तू घेऊन बसू देते," ती म्हणाली. "माझा भाऊ मागं काचेचे ग्लास देऊन गेला. वीस टॉवेल दे, नाहीच ऐकलं तर तीस."

बिनतिकिटाचं हे पाद्रीबाबांना सांगायचं की नाही, ते ग्लाफिरा गाडीत ठरवणार होती. तिनं चादरी दोरीवर टाकल्या, संत्रं खिशात घातलं, टॉवेलांचे गठ्ठे उचलले आणि साडेसहाच्या गाडीच्या कंडक्टरणीला गाठायला स्टेशनवर निघाली.