झऱ्याच्या वरची माणसं

मार्त्ये आमच्या गावात आली ती नोव्हेंबरात, डुकरं कापायच्या दिवसांत. हॉलंडची बाई, पन्नाशीला टेकलेली, उंच आणि हडकुळी. रॉटरडॅमजवळ कोंबड्यांच्या एका कारखान्यात ती माल तपासायची. सोललेल्या कोंबड्या डोळ्यांसमोरून सरकत राहायच्या आणि हिनं त्यातली नासकी ओळखायची. एकोणीस वर्षं!

"तिया इदालिना, घरी जाऊन डोळे मिटले तरी त्या सरकतच असायच्या," मला तिया, म्हणजे मावशी, म्हणायला लागल्यावर ती एकदा म्हणाली. "मग एक दिवस मला माझ्याच हातांची शिसारी आली."

म्हणून तिला कुठंतरी सावकाश, साधं जगायचं होतं. आमची पोरं हेच गाव सोडून लिस्बनला आणि फ्रान्सला पळाली, आणि ही बाई आनंदानं इथं राहायला आली. माझ्या भिंतीला लागून असलेलं आदेलिनोचं पडकं घर तिनं घेतलं.

पंधरा दिवसांत आमचं डुक्कर कापायचं होतं. बघायला म्हणून आली. ते किंचाळायला लागलं तशी पांढरीफटक पडली आणि माझ्या कोबीच्या वाफ्यात भडाभडा ओकली.

"घ्या!" माझी जाऊ कोन्स्तान्सा म्हणाली. "ही ईस्टरपर्यंत टिकली तर मी डोक्याचं मुंडण करीन."

दुसऱ्या दिवशी आम्ही ओढ्यावर सॉसेज भरायची आतडी धूत होतो. उलटी करायची, मीठ-लिंबू चोळायचं, धुवायचं, पुन्हा चोळायचं. त्या वासाची आम्हाला जन्मापासूनची सवय, तरी तोंड फिरवावंसं वाटतं. मार्त्ये आली, बाह्या वर केल्या आणि माझ्या शेजारी बसली. ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांतून पाणी. दुपारपर्यंत उठली नाही.

"जमतंय का गं?" मी विचारलं.

"घाण वाटते," ती म्हणाली. "पण इथं निदान कशाची घाण आहे ते कळतं."

त्या दिवसापासून ती आमची झाली. बोलणं तिला कधीच धड आलं नाही. सात वर्षांनीसुद्धा मला "तिया, तू जेवला का?" असंच विचारायची. पण बटाटे लावायला, चेस्टनट वेचायला, गावच्या भट्टीवर पाव भाजायची पाळी धरायला ती बरोबर असायची. कोन्स्तान्सानं मुंडण केलं नाही, पण ईस्टरची मोठी पाव-रोटी मात्र मुकाट्यानं तिच्या दारात ठेवून आली.

मग वाउटर आला. हा तिचा कारखान्यातला जुना साहेब. आठवडाभर तिच्याकडं राहिला, तिचं जगणं डोळे भरून पाहिलं आणि झऱ्याच्या वरची जुनी पाणगिरणी विकत घेतली. उन्हाळ्यात तिथं माणसं यायला लागली. दर आठवड्याला बारा जण, साधं जगायला शिकायला. मी पीठ मळत असले की ती माणसं खिडकीत येऊन माझ्या हातांचे फोटो काढायची. नमस्कार नाही की चमत्कार नाही, नुसते हात! एकदा बघते तर आमच्या कपडे धुवायच्या टाक्यात दोन पुरुष आणि एक बाई, अंगावर चिंधी नाही, डोळे मिटून गळ्यापर्यंत बसलेली. माझ्या हातात नवऱ्याचे रविवारचे शर्ट होते. ते तसेच घरी आणले. टाक्याच्या मोरीत नंतर तेलाचा तवंग आणि केसांचा गुंता सापडला. चार दिवस मला अन्न गेलं नाही.

घरात नळ असूनही आम्ही सगळे त्या झऱ्याचंच पाणी प्यायचो. ऑगस्टात त्या पाण्याला वास यायला लागला. आधी वाटलं, उंदीर मेला असेल. मग कोन्स्तान्साचा नवरा हगवणीनं आडवा झाला. मार्त्ये फावडं घेऊन वर चढून गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता.

"त्यांचे संडास बादल्यांचे आहेत," ती म्हणाली. "रोज सकाळी झऱ्याच्या डोक्यावरच्या वाफ्यात ओततात. वर भुसा टाकतात. त्याला खत म्हणतात."

तिनं वाउटरला आधी नीट सांगितलं. मी तिच्याबरोबर होते. तो गोड हसला. "मार्त्ये, सगळं मातीला परत जातं. तू अजून शहरातल्यासारखा विचार करतेस."

"खाली माणसं पाणी पितात, वाउटर."

"शेकडो वर्षं पितात. त्यांच्या पोटाला सवय असते."

मला त्यांची भाषा येत नाही. घरी येताना मार्त्येनं सगळं बोलणं मला सांगितलं, आणि ते शेवटचं वाक्य सांगून रस्त्याकडेला थुंकली. सात वर्षांत तिला थुंकताना मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा वर गेली. पाहुणे अक्रोडाखाली लांब टेबलावर जेवत होते, मौनाचं जेवण. मार्त्येनं भरलेली बादली उचलून आणली आणि सॅलडच्या वाडग्याशेजारी ठेवली. झाकण काढलं.

"हे तुमचं आहे," ती म्हणाली. "आम्ही तीन आठवडे पितोय. आता तुम्ही घ्या."

मौन तिथंच संपलं. एक बाई ओरडत उठली, एकजण ओकला. वाउटर तिला वेडी म्हणाला, पोलिसांची धमकी दिली. त्या संध्याकाळीच निम्मी माणसं बॅगा भरून गेली.

पोलीस आले, पण त्याच्या तक्रारीवर नाही. पंचायतीनं पाणी तपासायला पाठवलं होतं. कागद आला आणि गिरणीच्या दाराला सील लागलं. वाउटरनं पलीकडच्या खोऱ्यात दुसरी जागा घेतली. तिथंही म्हणे माणसं साधं जगायला येतात. तिथला झरा कुणाचा आहे, देव जाणे. मार्त्येची एक बहीण हॉलंडला आहे, तिनं मार्त्येशी बोलणं टाकलं, कारण वाउटरच्या धंद्यात त्या बहिणीचाही हिस्सा होता.

आम्ही चार बायकांनी त्या वाफ्यातली माती खरवडून काढली, दोन दिवस, तोंडाला फडकी बांधून. झरा उपसला, चुना टाकला. हिवाळा गेला, पाणी पुन्हा तपासलं, चांगलं निघालं. गाव पितं. मार्त्ये पिते. माझ्या मात्र घशाखाली अजून उतरत नाही. मी नळाचंच पिते, आणि ते क्लोरीनचं पाणीही मला आवडत नाही.